हेसान हवाईतळाची कुक्कुटमोहीम

आकाश जयाचे छत्र आणि वारा जयाचा घोडा, त्या हेसान हवाईतळाचा मजकूर श्रोती सावधचित्ते ऐकावा. कोरिया देशी पश्चिम सागराच्या काठी भातखाचरांचा सपाट मुलूख आहे, तेथे प्रथम जपानी पातशाहीने अंमल बसवून रयतेकडून टेकडी खणविली आणि धावपट्टी घातली. मग ती पातशाही बुडाली, आणि मग उत्तरेचे गनीम चालून आले, त्यांनी तळ घेतला, आणि मग अमेरिकेचे टोपीकर उतरले, त्यांनी गनीम हटविला, चिखलावर लोखंडी पत्रे अंथरिले, आणि जाताना तळ देशी फौजेच्या हवाली केला. तेव्हापासून हेसानची विमाने सागरावर पहारा करितात. हेसान जागे म्हणोन राजधानी निजते, ऐसी ख्याती जाहली. गर्जनेस खंड नव्हता. तेणेकरून आसपासचे लोक पाळण्यापासून ओरडूनच बोलत, आणि नवराबायकोचे गुपित तीन गावांस ठाऊक असे.

ऐसियासी तळावर पक्षीपथक म्हणोन एक पथक होते. इंजिनात बगळा शिरला तर विमान कोसळावे, सबब बंदुका, फटाक्यांच्या तोफा आणि ससाण्याची किंकाळी फोडणारे कर्णे घेऊन पाखरे हाकावी, ही त्यांची चाकरी. सरदार मेंग दोकसू त्यांचे मुख्य. देह भारी, आवाज त्याहून भारी, हंसांचे थवेच्या थवे एकल्याने पिटाळिलेले.

एके साली कार्तिकाच्या थंडीत विद्यापीठप्रवेशाची परीक्षा आली. इंग्रजी ऐकून उत्तरे लिहिण्याची वेळ येते तेव्हा अवघ्या देशातील विमानांनी थांबावे, ऐसा सरकारचा दंडक आहे. जी विमाने गनिमाच्याने थांबली नाहीत, ती पोरांच्या कानांसाठी थांबतात. तळाचे मुख्य जनरल ब्यॉन यांनी फर्मान काढिले की, इंजिन लावू नये, बंदूक उडवू नये, शिंक आलियास टोपीत शिंकावी.

मेंग सरदारांचा जीव मात्र कुंपणापलीकडच्या शाळेत अडकला होता. त्यांची सोलही नामे कन्या तेथे तिसऱ्यांदा परीक्षेस बसली होती. मागील दोन्ही वेळी ऐकण्याचे प्रश्न सुरू होताच तिचे हात कापू लागले, आणि मग कानी शब्द येईना, नुसता घों घों आवाज. त्या सकाळी तिने घासही घेतला नाही. निघताना म्हणाली, "बाबा, यंदा नाही जमलं तर पुन्हा बस म्हणू नका." सरदारांनी तिचा डबा तेवढा पिशवीत सारिला.

मग नेमका समय आला, आणि विमाने थांबली, आणि मोटारी थांबल्या, आणि हेसानवर ऐसी शांतता पडली की पहाऱ्याचे शिपाई घाबरून एकमेकांकडे पाहू लागले. सरदार कुंपणापाशी उभे राहून शाळेच्या खिडक्या न्याहाळीत होते. इतक्यात आरोळी उठली.

"कुकूऽऽच कू!"

कुंपण आणि शाळा यांच्या बेचक्यात ओकबुन आजीचे घर आहे. तिच्या कौलांवर तांबडा कोंबडा मान उंचावून उभा होता. आजवर विमानांच्या गर्जनेत त्यास कोणी ऐकिले नव्हते. आज अवघे आकाश त्यास मोकळे मिळाले होते.

शाळेच्या फाटकाशी आया हात जोडून उभ्या होत्या. त्यातील एकीने कुंपणापाशी धावत येऊन सरदारांस दबक्या आवाजात फैलावर घेतले. "अहो, एवढी विमानं पाळता आणि एक कोंबडा आवरेना तुम्हाला?"

सरदारांच्या काळजास घरे पडली. बंदूक उडविता येईना, तोफ लाविता येईना, कर्णा फुंकिता येईना. शस्त्रागार भरलेले आणि हात रिकामे. मग त्यांनी खुणेने फौज बोलाविली, आणि बुटांचा आवाज होईल म्हणोन बूट उतरविले, आणि पायमोज्यांनिशी कुंपण ओलांडून, हंस धरावयाचे जाळे घेऊन, आजीच्या अंगणावर एल्गार केला. कोंबड्याने एकवार खाली पाहिले आणि उडी घेऊन तेंदूफळाचे झाड गाठिले. जाळे कौलांवर पडले. शिपाई गू बोन्चॉल धुराड्यावरून घसरला तो किमचीच्या लोणच्यासाठी कोबी मुरत घातलेल्या मिठाच्या पिंपात मस्तकापर्यंत बुडाला. परंतु फर्मान स्मरून ओरडला नाही. ऐसे शूर त्या पथकी होते.

खडबड ऐकून ओकबुन आजी झाडू घेऊन बाहेर आली.

"कोण आहे रे मेल्यांनो!" ती गावच्या रिवाजाप्रमाणे गरजली. "माझ्या कोबीत माणूस कुणी टाकला?"

सरदारांनी ओठांवर बोट ठेविले, आणि मग दुसऱ्या हाताने पाय धरिले. "आजी, हळू! पाया पडतो तुमच्या. पोरांची परीक्षा चाललीय. कोंबड्याला तेवढा गप्प करा."

"त्याला कोंबडा म्हणायचं नाही. जनरल नाव आहे त्याचं. तुमच्या जनरलच्या आधी उठतो." आजीचा आवाज काही उतरेना. "आणि गप्प का करू? जपान्यांनी आमचं घर हलवलं, बापाच्या पाठीवर बसून निघाले मी. अमेरिकेवाल्यांनी हलवलं तेव्हा नवी नवरी होते. मग आपल्याच सरकारनं हलवलं, तेव्हा पोर काखेत होतं. जन्मभर तुमचं ओरडणं ऐकलं. आज माझं एक पाखरू ओरडलं तर मोजे घालून चालून येता?"

झाडावरून जनरलाने पुन्हा छाती फुगविली.

"आजी, खरंय तुमचं सगळं," सरदार कुजबुजले. "पण माझी मुलगी आहे हो आत. तिसरी वेळ आहे तिची. आणि आत्ता आम्ही गप्प बसलोय ना? ऐका तरी एकदा."

आजी खवळून काही बोलणार होती, ती थांबली. मग तिने मान कलती केली. घरामागे ओढा होता. त्याचे पाणी दगडांवरून खळखळत होते. तिसऱ्यांदा घर उठले तेव्हापासून ती त्या ओढ्यावर भांडी घाशी, परंतु आवाज म्हणोन कधी कानी आला नव्हता.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि आपलाच हळू झालेला स्वर ऐकून दचकली. "हा बोलतो होय?"

मग आजीने झाडू टाकिला, आणि खिशात जपलेले चार जोंधळे तळहाती घेऊन जिभेने टकटक केले, आणि ज्या गनिमापुढे हेसानची फौज हतबल जाहली तो आपल्या पायांनी झाडावरून उतरून तिच्याकडे आला. तिने त्यास उचलून अंगातल्या कापूस भरलेल्या बंडीत घातले आणि वरून बंद बांधिले. अंधार होताच जनरल निजला. आजी पायरीवर बसली, सरदार शेजारी बसले, मिठाने पांढरा जाहलेला बोन्चॉल अंमळ दूर बसला, आणि मग शाळेची घंटा होईतो कोणी शब्द बोलिला नाही.

घंटा जाहली आणि विमाने उठली. त्या गर्जनेत आजी सरदारांकडे वळून लांबलचक काही बोलली. ते बखरकारास ऐकू आले नाही, आणि सरदारांसही आले नाही; परंतु उपकाराखाली दबून त्यांनी मान डोलाविली.

येथेच तह जाहला. रविवारी आजी तळाच्या दरवाजाशी येऊन उभी राहिली, आणि कबूल केल्याप्रमाणे किमची घालावयास माणसे द्या म्हणोन तिने पहाऱ्यास दम भरिला. जनरल ब्यॉन यांनी चौकशी करिता, मान डोलाविली म्हणजे शब्द दिला ऐसे ठरले, आणि दिला शब्द फौजेने पाळावा, ऐसा हुकूम जाहला. मग अवघे पक्षीपथक आजीच्या अंगणी बाह्या सारून कोबी धुवू लागले, आणि मुळे किसू लागले, आणि मिरचीचा लगदा पानापानास चोळू लागले. सोलहीही आली होती.

सरदार तिजसमोर पाने चोळीत बसले. पुसावे की न पुसावे, ऐसे घटकाभर चालले. शेवटी ती आपणच बोलली.

"बाबा, पहिल्या प्रश्नाला हात कापायला लागले होते. मागच्यासारखेच."

"आणि मग?"

"मग तो कोंबडा ओरडला. पुढच्या मुलाचे खांदे हलायला लागले, मग माझे. हसू दाबता दाबता कापायचं राहूनच गेलं. सगळं ऐकू आलं हो, बाबा. शेवटपर्यंत."

तिखट डोळ्यात गेले ऐसे सांगून सरदारांनी मनगटाने तोंड पुसले, तेणेकरून ते खरोखरीच गेले, आणि मग आजीने ओढ्याचे पाणी आणून त्यांचे डोळे धुतले आणि वर दोन शिव्या दिल्या.

पुढे सोलही चॉन्जू शहरी परिचारिकांच्या विद्यालयी प्रवेश पावली. येणेप्रमाणे हेसानच्या फौजेने ही मोहीम फत्ते केली. बंदूक उडाली नाही, जखमी कोणी नाही, एक शिपाई खारवला. आणि फौज अंगणात आली, राहिली आणि परत गेली, तरी ओकबुन आजीचे घर जेथल्या तेथे राहिले. ऐसा विजय हेसानच्या इतिहासात हा पहिलाच, म्हणोन लिहून ठेविला असे.