फारूक काही फसला नाही

माणूस एकाएकी हुशार झाला तर घरच्यांनी काय करावं, सांगा बरं?

सिंदेवाहीतला फारूक असाच हुशार झाला. त्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान आणि त्याची बायको सईदा घरी शिवणकाम करणारी. साड्यांना पिको करायची मशीन घ्यावी, असं तिच्या फार दिवसांपासून मनात होतं. पिकोची कामं समोरच्या गल्लीत जात आणि तिच्या वाट्याला मुलांच्या चड्ड्यांची इलॅस्टिकं येत. शेवटी तिनं कपाटातून आपल्या दुबईच्या भावानं दिलेलं स्विस घड्याळ काढलं.

"हे ऑनलाइन इका," ती म्हणाली. "पण फसू नोका. माही मशीन याच्यावरच हाय."

"मी फसतो काय?" फारूकला हसूच आलं. तरी त्यानं फसवणुकीचे व्हिडिओ पाहायला घेतले. इतके पाहिले, की सख्ख्या बहिणीचा फोन आला तरी "आधी अब्बाचं नाव सांग" म्हणायला लागला. जाहिरातीत त्यानं फोटो टाकला तो घड्याळाच्या बंद डब्याचा. (उघडं घड्याळ चोराला कशाला दाखवायचं?)

पहिला फोन एका फौजीचा आला, म्हणजे तो स्वतःला तसं म्हणवत होता. "कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील."

"भाऊ, मी दुकानदार हाय. पैसे घ्यासाठी मी काऊन स्कॅन करू?" फारूकनं फोन आपटला.

दुसरा म्हणाला, "चुकून जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा." फारूकनं खातं पाहिलं. खात्यात काहीच नव्हतं. "आधी येऊ दे, मंग देतो," म्हणून त्यानं त्यालाही वाटेला लावलं. सईदानं त्या दिवशी कौतुकानं अंडाकरी केली. फारूक तर आता चौकात लोकांना सल्ले देऊन राह्यला होता.

मग वरोऱ्याच्या प्रफुल्लचा फोन आला. पोरगा सरळ होता, भाव न पाडता यायला तयार झाला. फारूकनं त्याला भर दुपारी बसस्टँडवर, चार माणसांत बोलावलं. आधार कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला, परत कार्ड पाहिलं. प्रफुल्लनं बिचाऱ्यानं गॉगलही काढला. सगळं जुळलं. पैसे पाठवायला त्यानं मोबाइल हातात घेतला.

इथंच थांबायचं होतं. पण हुशार माणूस थांबतो का? फारूकनं शेवटची परीक्षा घेतली. "इथी तुमाले ओळखणारं कोणी हाय का?"

"हाय ना काका. सासरच हाय माहं. बापूजींचा जावई मी."

"रंजीताचा नवरा?" फारूक उडालाच. "अरे, तिच्या लग्नाचा चुडा म्याच भरला होता! म्हंजे तू आमचाबी जावईच झाला!"

"असं का? बरं, नंबर सांगा काका, पैसे टाकतो."

"जावयाकडून पैसे? गाव काय म्हणन मले?"

"घ्या ना काका."

"नाई म्हणजे नाई!"

"काका, असं बरं नाई दिसत."

"चूप बस बेटा!"

प्रफुल्लनं चौथ्यांदा म्हटलं असतं तर फारूकनं घेतले असते. तो वाटच पाहत होता. पण वरोऱ्याचा पोरगा संस्कारी. त्यानं मोठ्या माणसाचा शब्द मोडला नाही, मोबाइल खिशात ठेवला आणि वाकून पाया पडला. मग फारूकनं बांगडी चढवावी तसं हळुवारपणे घड्याळ त्याच्या मनगटावर चढवलं, चहा पाजला आणि दुकानातून रंजीतासाठी डझनभर बांगड्या आणून दिल्या.

घरी सईदा दारातच उभी होती. "इकलं?"

"फसलो नाई," फारूक म्हणाला.

"मी इकलं का विचारून राह्यली."

फारूकनं सगळं सांगितलं. चुड्याचं मात्र दोनदा सांगितलं.

"चोरानं नेलं असतं तं पोलिसात गेली असती," सईदा म्हणाली. "जावयानं नेल्यावर कुठी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सईदानं फारूकची मोटरसायकल रोखीनं विकली, घेणाऱ्याला गाव विचारलं नाही, आणि फारूक दुकानात पायी गेला.