बर्फातले मोहिते

माणसानं जगावं तर ऐटीत, असा ठराव विजयसिंह इंगवल्यांनी एका मंगळवारी एकमतानं मंजूर केला. घरात दुसरं मत नव्हतंच. मुलगा राजवर्धन रॉटरडॅमला, आणि अंजनाबाई भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत.

"बस्स झालं आता!" ते फ्रिजला म्हणाले. अलीकडं ते फ्रिजशीच बोलत. टीव्ही नुसता आपलंच बोलायचा. फ्रिज गुरगुरला तरी ऐकून घ्यायचा. "ओट्याशी उभं राहून पातेल्यातनं जेवतोय. बँकेच्या रेकॉर्डिंगमधल्या बाईला 'बोला ताई' म्हणतोय. हे काय जगणं झालं व्हय?"

राजवर्धननं वाढदिवसाला पाठवलेली हॅट खोक्यात तशीच पडून होती. पांढरीशुभ्र, काळ्या फितीची, पनामा का कुठली. विजयसिंहांनी ती डोक्यावर चढवली, जराशी तिरकी केली आणि आरशात बघितलं. आरशात साक्षात एक परदेशी मळेवाला उभा होता! खाली पट्ट्यापट्ट्यांची नाइट पँट होती, पण मळेवाल्यांनासुद्धा कधीतरी झोपावं लागतंच की.

मग मोबाईलवर तो व्हिडिओ सापडला. समुद्राकाठचा व्हरांडा, तसलीच हॅट घातलेला एक माणूस, आणि त्याच्या हातात उंच ग्लास. ग्लासात रम, लिंबू, साखर, ठेचलेला पुदिना, वर बर्फ आणि सोडा. नाव काय, तर मोहितो! विजयसिंहांनी आजवर रम प्यायली होती ती नोकरीत असताना डेअरीच्या सहलीत, स्टीलच्या पेल्यात, नाक दाबून, एरंडेल घेतल्यासारखी. हा माणूस मात्र एक घोट घ्यायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. विजयसिंहांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. आता तुम्हाला म्हणून सांगते, त्यांचं लक्ष ग्लासाकडं नव्हतंच. त्या माणसाच्या समोरच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता, त्याच्याकडं ते बघत होते.

अंजनाबाईंच्या तेराव्यानंतर इंगवल्यांच्या जिन्याची पायरी गॅसवाल्याशिवाय कुणी चढलं नव्हतं. तालमीतला जुना दोस्त सयाजी दोन गल्ल्या सोडून राहायचा. भेटला की "येतो एकदा निवांत" म्हणायचा. पण निवांतपणा काही त्याच्या वाट्याला येत नव्हता आणि इकडं विजयसिंहांच्या घरात तो पोत्यानं भरून पडला होता.

त्यांनी फोन लावला. सयाजीच्या गॅरेजात ट्रॅक्टर धडधडत होता.

"सया, शनिवारी सहाला माझ्याकडं यायचं. गच्चीवर. मोहितो हाय!"

"कोण हाय?"

"मोहितो! मो-हि-तो!"

"मोहिते? तुझ्याकडं? आरं तिच्या मायला! खरं सांगतोस मर्दा?"

सयाजीला परकी नावं अशीच यायची. पिझ्झाला तो पिंजा म्हणायचा. म्हणून विजयसिंहांनी दुरुस्ती केली नाही.

"खरं म्हणजे काय! सगळी तयारी झालीया."

"एकटाच येऊ का माणसं आणू?"

"आण की!" विजयसिंह फ्रिजकडं बघत म्हणाले. "येतील तेवढी आण!"

आता सयाजीच्या डोक्यात जे मोहिते शिरले, ते कोण? तर कॉलनीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह ज्यांच्या शब्दावर फिरतो म्हणत, ते मोहिते साहेब! त्यांना कुणीच पाहिलेलं नव्हतं. ऑफिसात गेलं की साहेब साइटवर, साइटवर गेलं की साहेब मीटिंगला. कॉलनीतल्या नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही ज्वर आल्यासारखी थरथरत. असले मोहिते साहेब खुद्द विजयसिंहांच्या गच्चीवर येणार म्हटल्यावर सयाजीनं पान्हा खाली टाकला आणि गॅरेजाच्या दारात उभं राहून ओरडूनच बातमी सांगितली.

पाठोपाठ विजयसिंह कुंपणापाशी गेले. शेजारच्या आक्कांच्या कुंडीत पुदिना माजला होता.

"आक्का, जरा पुदिना मिळंल का?"

"न्या की भाऊ. चटणी करतायसा?"

"न्हाय, शनिवारी मोहितो हाय ना."

आक्कांच्या कानावर बातमी आधीच आलेली. त्या पदर सावरून कुंपणाला चिकटल्या. "व्हय, कळलं मला! पर मोहित्यांस्नी पुदिना लागतो?"

"त्याशिवाय मोहितो होतच न्हाय!"

"अगं बाई! पोटाचं काय हाय का त्येंच्या?"

"पोटाला बराच असतो. आधी पुदिना चांगला ठेचायचा, लिंबू पिळायचं, आणि मग—" विजयसिंहांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला, "रम घालायची."

आक्कांनी गालावर हात ठेवला. "मोहित्यांस्नी रम घालणार?"

"घातल्याशिवाय मजा न्हाय. बेतानं घालायची. जास्त झाली तर कडू होतो."

"कडू झाला तर काय उपयोग!" आक्का म्हणाल्या. "गोड असतानाच सही करून घ्याची."

ही 'सही' विजयसिंहांना काही कळली नाही. पण आज कुणीतरी आपल्याशी इतका वेळ बोलतंय, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. आणि आक्का आत जाऊन सुनेला म्हणाल्या, "भाऊ दिसतात तसं भोळं न्हाईत बरं. साहेबाला पाजून पाइपलाइन मंजूर करून घेणार हाईत!"

शुक्रवारी विजयसिंह हॅट घालून रम आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "पावणं, शूटिंग कुठं चाललंय?" एरवी ते ओशाळले असते. त्या दिवशी म्हणाले, "आमच्याच गच्चीवर!"

शनिवार उजाडला. गच्ची धुतली. अंजनाबाईंनी पेटीत जपून ठेवलेला भरतकामाचा टेबलक्लॉथ बाहेर काढला. "तुझा हाय, पण आज वापरतो," असं फोटोला सांगून टाकलं. लग्नात आलेले उंच ग्लास पुसून पुसून चष्म्याच्या काचांसारखा त्यांचाही नंबर वाढायची वेळ आली. मोठ्या पातेल्यात मोहितो तयार करून ते बर्फाच्या टोपल्यात बसवलं. खुर्च्या मांडल्या. आपली सोडून एकच मांडली होती, मग वाटलं, सयाजी माणसं आणणाराय. दुसरी मांडली. मग वाटलं, नाही आली तर ती रिकामी दिसेल. उचलली. ती खुर्ची दुपारभर जिन्यानं खालीवर करत होती.

सहा वाजले. कुणी नाही. विजयसिंह हॅट सारखी करत कठड्यापाशी उभे राहिले. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली!

पुढं सयाजी, हातात नारळ आणि कोल्हापुरी फेटा. मागं चारचौघांच्या हातात कापडी फलक, 'मा. मोहिते साहेबांचे सहर्ष स्वागत'. फलकाच्या मागं रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका आणि बायकांच्या पुढं, सेनापतीसारख्या, आक्का. सगळं लटांबर जिना चढून वर आलं. गच्ची यात्रेसारखी भरली.

विजयसिंह हात जोडत पुढं धावले. फलक त्यांना दिसला नाही, कारण तो गल्लीत होता तेव्हा हॅट डोळ्यांवर घसरली होती आणि आता तो घेतलेली माणसं जिन्याच्या वळणात अडकली होती. घागरी दिसल्या, पण त्यांना वाटलं, माणसं भांडी घेऊन आलीत, म्हणजे मनापासून प्यायची तयारी आहे!

"या, या! बसा! इतकी माणसं! मला वाटलंच न्हवतं…"

"आम्ही बसतो," सयाजी हातातला फेटा सावरत म्हणाला. "मोहिते कुठं हाईत?"

"आत. बर्फात ठेवलाय."

हलगी थांबली.

"बर्फात?" आक्कांच्या कमरेवरची घागर सुटली आणि जिन्यानं ठणठणत खाली गेली. "कवा गेलं?"

"दुपारीच. आधी पुदिना ठेचून घातला, मग बर्फात बसवला."

"बसवला!" मागनं एक बाई कळवळली. "आणि घरच्यांस्नी कळवलं का न्हाय?"

"घरच्यांना कशाला? आपल्यातच संपवायचा!"

दोन पुरुष जिन्याकडं सरकले. एक म्हणाला, "मी आलोच न्हवतो, ध्येनात ठेवा." सयाजीनं नारळ पाठीमागं लपवला. "विज्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाण्यासाठी माणूस मारलास?"

"काय बोलतोस सया! थांब, आणतोच त्याला."

"आणू नगंस!" सगळे एकदम ओरडले.

पण विजयसिंह गेले आणि ट्रे घेऊन आले. ग्लासांत हिरवी पानं तरंगत होती. "हा बघा मोहितो!" ते अभिमानानं म्हणाले.

मग आक्कांनी ग्लासात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो तर माझा पुदिना!"

"म्हणजे साहेब न्हाईतच?" फलकवाला ओरडला, तो नेमका तेव्हाच वळणातनं सुटून वर आला होता. "आरं, गड्यानं टोपी घातली की समद्या गल्लीला!"

विजयसिंहांनी कौतुकानं डोक्याला हात लावला. "टोपी न्हवं ही. हॅट हाय. पनामा."

झालं! रॉकेल ओतावं तसं झालं. "वर दात काढतंय!" "पाण्यावाचून माणसं मरत्यात आणि ह्येला दारू सुचतीया!" "आमच्या घागरी बघून तरी लाज वाटायची!" हलगीवाला विचारू लागला की त्याची बिदागी कोण देणार. विजयसिंह प्रत्येकापुढं ट्रे धरत होते. "एक घोट तरी घ्या… लिंबू सरबतासारखंच लागतं… आलायसा तर बसा तरी…" पण जिना जसा भरला होता तसाच रिकामा झाला. आक्का जाताना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पुदिना मागायचा तर चटणीला मागावा."

शेवटी सयाजी राहिला. विजयसिंहांनी खुर्ची पुढं ओढली.

"बस की सया."

"आता बसू कुठला? खाली त्या बाया घागरीनं बडवतील मला. बातमी मीच फोडली न्हवं?" तो चिडून म्हणाला. दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "सरळ म्हणायचं हुतंस, प्यायला ये म्हणून. आलो असतो की मर्दा."

आणि गेला.

गच्चीवर ग्लास उरले आणि सयाजी विसरून गेलेला फेटा उरला. बर्फ विरघळत होता. विजयसिंहांनी एक घोट घेतला. गोड होता, आंबट होता, थोडा कडूही होता. पण कसा झालाय, ते सांगायचं कुणाला? फ्रिज खाली होता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ हातात पेढ्याचा पुडा घेऊन वर आले. गल्लीच्या टोकाच्या भाड्याच्या खोलीत एकटे राहणारे निवृत्त वायरमन. कॉलनी त्यांना वायरमनच म्हणायची. आडनाव कुणी विचारलंच नव्हतं.

"नमस्कार. मी धोंडीराम मोहिते," ते संकोचून म्हणाले. "चार दिस गल्लीभर ऐकतोय, विजयसिंहरावांकडं मोहिते येणार. हितं दुसरा मोहिते न्हाय. म्हटलं, मला निरोप द्यायचा ऱ्हायला असंल. इस्त्रीला जरा येळ झाला. संपला का कार्यक्रम?"

विजयसिंहांनी गच्चीवर नजर फिरवली. "छे! आत्ता सुरू होतोय. बसा की!"

मोहिते बसले. "मी घेत न्हाय हां. ॲसिडिटी हाय. नुस्तं लिंबू-पुदिना द्या."

दिलं. विजयसिंहांनी हॅट तिरकी केली, पायावर पाय टाकला आणि सुरुवात केली, "बरं का मोहिते, ही जी रम असती—"

"रमवरनं आठवलं," मोहिते म्हणाले, "राधानगरीला पावसात ट्रान्सफॉर्मर बसला हुता."

मग त्यांनी तो ट्रान्सफॉर्मर सांगितला. मग त्याच्या शेजारचा. मग तिथून दाजीपूरकडं जाणारा एकेक खांब, त्याचा कल, त्याचा गंज आणि त्यावर बसणारे पक्षी. विजयसिंहांनी मधे मधे "अच्छा" म्हटलं. मग नुसतं "हं" म्हटलं. मग हॅटच्या आडोशानं एक जांभई दिली. पेढे संपले, लिंबू संपलं, पण लाइन काही संपेना! आणि एकदम त्यांच्या मनात आलं, आता हा माणूस उठला तर बरं होईल.

ते दचकलेच. अंजना गेल्यापासून, या घरातून कुणी उठून जावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं होतं. केवढी ही श्रीमंती! त्यांनी गडबडीनं मोहित्यांचा ग्लास नुसत्या सोड्यानं भरला आणि विचारलं, "मग? पुढं काय झालं त्या लाइनचं?"

मोहित्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"सांगतो की," ते खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "पर आधी गारगोटीचं सबस्टेशन डोक्यात घ्या. त्याशिवाय ह्ये कळायचं न्हाय."