भैयाजींचा खांदा

सकाळपासून भैयाजी दिव्यानीला ठोसा मारत होते आणि दिव्यानीला तो लागत नव्हता.

चामोर्शीच्या राईस मिलमागं एक गोदाम आहे, कोपऱ्यातली कोंड्याची पोती सोडली तर रिकामंच, तिथं नाटकाची तालीम चालली होती. भैयाजी म्हणजे झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे जुने, मुरलेले खलनायक. मंचावर त्यांनी किती घरं पेटवली आणि किती सुना बाहेर काढल्या याला गणती नाही. घरी मात्र कोंबडी कापायची वेळ आली की ते तंबाखू आणायला म्हणून बाहेर पडत. मारण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आधी डोळे वटारायचे, मग उजवा खांदा पार मागं न्यायचा, मग "घे!" म्हणून गर्जायचं आणि सरतेशेवटी हात सोडायचा. एवढ्या अवधीत समोरचा नट पडायला मोकळी जागा बघून घेई आणि बाजूला ऑक्टोपॅडवर बसलेला प्रफुल काडी उचली. ठोसा गालाच्या वीतभर अलीकडून जाई, "ढिशूम" पॅडवर वाजे, आणि मागच्या रांगेतली म्हातारी म्हणे, "मेला रे बाप्पा!"

"भैयाजीसंगं वाजवनं म्हंजे आराम," प्रफुल सांगे. "डुलकी लागली तरी आवाज चुकत नाई."

खलनायकाच्या धंद्यात दिलेलं परतही घ्यावं लागतं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ढिशूम वाजला की भैयाजींनी पडायचं, हा नियम. अंगाला त्याची इतकी सवय झालेली की प्रफुलनं नुसती पॅड तपासायला काडी मारली, तरी भैयाजींचे गुडघे वाकत आणि मग ते चप्पल शोधल्यासारखं करत.

पण यंदाचं नाटक वेगळं होतं. कंपनीचे मालक, लेखक आणि दिग्दर्शक असे तिन्ही गुणवंतराव. त्यांनी बॉक्सर मुलीची गोष्ट लिहिली आणि पोस्टरवर छापता यावी म्हणून राज्य पातळीवर खेळलेली खरीखुरी बॉक्सर आणली. तीच दिव्यानी. गोष्ट साधी होती. पहाटे प्रेक्षक पेंगायला लागले की खलनायक दगा करून पोरीला ठोसा मारतो, ती पडते, आई तिच्या उशाशी बसून गाणं म्हणते, गाणं ऐकून पोरगी उठते आणि खलनायकाला आडवा करते. आता पोरगी पडलीच नाही तर आई गाणार कशाला, आणि आईचं काम गोकुळाबाईंचं, ज्यांच्या गाण्यासाठी लोक रात्रभर थंडीत बसतात.

"बाई, तू काऊन हालून राह्यली?" भैयाजींनी घाम पुसला.

"मी नाई हालून राह्यली काकाजी. अंगच हालते."

गुणवंतरावांनी तिला जागेवर उभं राहायला सांगितलं. ती पाय रोवून उभी राहिली, पण ठोसा आला की मान तेवढी चार बोटं सरके. मग तिला डोळे मिटायला लावले. भैयाजी "घे!" म्हणाले, ती खाली बसली आणि भैयाजी आपल्याच जोरानं कोंड्याच्या पोत्यांवर गेले. मग "घे" काढून टाकलं, तर तिला त्यांच्या पायाचा आवाज कळला. या वेळी पोतीही फुटली.

"पडायचा पगार देऊन राह्यलो तुले, वाचायचा नाई!" गुणवंतराव तिच्यावर ओरडले आणि मग भैयाजींकडे वळले. पोस्टर छापून झालं होतं, त्यामुळं पोरगी बदलता येत नव्हती. "भैयाजी, मंडईच्या जत्रेतल्या खेळापर्यंत ठोसा बसला तं ठीक. नाई तं वडश्याहून राजदीपले बोलावतो. जवान पोट्टा हाये."

राजदीप एकदा आला की परत जाणार नाही, हे भैयाजी जाणून होते. त्यांनीही असंच एका म्हाताऱ्या खलनायकाला घरी बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तलावाच्या पाळीवर गेले. दिव्यानी तिथं आंब्याला दोरी बांधून तिच्या खालून डोकं काढण्याचा सराव करत होती.

"बाई, पेपरात तुले टेक्निकल बॉक्सर म्हनते. म्हंजे तुह्यात ताकद कमी हाये का?"

"ताकद हाये. पन ते शेवटी काढायची. पयले अंतर." तिनं डावा हात लांब करून त्यांच्या नाकापुढं मूठ थांबवली. "हा हात मोजायले. समोरचा कुठी हाये, किती घाईत हाये, सगळं हाच सांगते. उजवा हात नंतर, नक्की लागते तवाच. अन मारला का लगेच घरी आनायचा, गालापाशी. हवेत फिरवत बसला तं आपलाच दम जाते."

"अन तुले माह्या ठोसा आधीच कसा समजते?"

"तुमचा खांदा सांगते ना जी! तुमी मारता उद्या, तुमचा खांदा आजच पत्रिका वाटते."

भैयाजींनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. याच खांद्यावर त्यांचं नाव चाललं होतं. "मले शिकवतं का?" त्यांनी खाली बघून विचारलं.

दिव्यानीनं शिकवलं. हनुवटी खाली, कोपर बरगडीला, पाय सरकवायचा, आपटायचा नाही. डोळे वटारायचे नाहीत, कारण डोळेही चुगली करतात. भैयाजी घरीही चहा पिताना डावी मूठ पुढं मागं करू लागले. बायको कमळाबाईंनी त्याला वात समजून तेल कढवलं. शेवटी एका सकाळी पाळीवर भैयाजींचा हात कसलीही खबर न देता निघाला आणि दिव्यानीच्या गालापासून बोटभर अंतरावर थांबला. तिची पापणी नंतर हलली.

"लागला असता, काकाजी!" ती आनंदानं ओरडली.

तालमीत तो ठोसा पाहून गुणवंतरावही खूश झाले. प्रफुल तेव्हा राजुऱ्याला लग्नाच्या बँडमध्ये गेला होता, म्हणून ढिशूम गुणवंतराव तोंडानंच म्हणत. ठोसा बदलला हे प्रफुलला कळवायचं कोणाच्या मनात आलं नाही. तो तर डुलकीतही चुकत नाही.

मंडईच्या गावात पहाटे तिसरा अंक लागला. मंडपात लोक घोंगड्यांत गुरफटले होते. दगा करायची वेळ आली. भैयाजींनी डोळे शांत ठेवले, पाय सरकवला आणि आयुष्यातला सगळ्यात सफाईदार ठोसा मारला. दिव्यानी झाडासारखी कोसळली.

आवाज आला नाही. प्रफुल काडी हातात घेऊन भैयाजींचा खांदा मागं जायची वाट बघत होता.

"अवं बाई, पोट्टीले चक्कर आली!" पुढच्या रांगेतून कोणी ओरडलं.

"पानी आना, पानी!"

"उपाशी ठेवते का जी कंपनीवाले?"

"भैयाजी, पाहून काय राह्यले? उचला ना तिले!"

खलनायकाला प्रेक्षकांनी आजवर शिव्या दिल्या होत्या, मदतीला कधी बोलावलं नव्हतं. भैयाजी गोंधळले आणि माणुसकीला धरून वाकले. तेवढ्यात प्रफुलच्या लक्षात आलं की आपलं काही चुकलं. चूक भरून काढावी म्हणून त्यानं सगळा जोर लावून पॅडवर काडी हाणली.

"ढिशूम!"

भैयाजी पडले.

"काकाजी," डोळे मिटूनच दिव्यानी कुजबुजली, "तुमी काऊन पडले?"

"आवाज आला ना!"

गोकुळाबाई रडत आत आल्या आणि थबकल्या. एकीच्या जागी दोघं पडली होती. पण बाई मुरलेली नटी. त्या दोघांच्या मधोमध बसल्या आणि एक ओळ लेकीकडं बघून, एक ओळ खलनायकाकडं बघून गायल्या. मंडपात घोंगड्यांची टोकं डोळ्यांना लागली. भैयाजींसाठी लोक पहिल्यांदाच रडत होते. ते मेल्यासारखे पडून होते, तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलंच. गाणं संपल्यावर दिव्यानी उठली, पण आडवं करायला उभं कोणी नव्हतं. गुणवंतरावांनी पडदा पाडला.

मंडईचे आयोजक घनश्यामभाऊ धावतच मागं आले. गुणवंतरावांनी माफीसाठी हात जोडायला घेतले होते.

"काय पोट्टी हाये जी!" घनश्यामभाऊ म्हणाले. "हा मानूस वाकला अन हिनं पडल्या पडल्या खालून लावला! मी पुढंच बसलो होतो, मले ठोसा दिसला नाई! याले म्हनते टेक्निकल. पुढल्या वर्सी हेच नाटक पायजे. अन भैयाजीच पायजेत. न दिसनाऱ्या ठोश्यानं असं पडनारा मानूस भेटत नाई."

न दिसणारा ठोसा कोणाचा होता, हे सांगायला भैयाजी पुढं सरसावले. त्यांचे डोळे वटारले गेले, उजवा खांदा हळूहळू मागं जाऊ लागला.

"काकाजी," दिव्यानी हळूच म्हणाली, "खांदा."

भैयाजींनी खांदा खाली घेतला. "बराबर पाह्यलं जी तुमी," ते घनश्यामभाऊंना म्हणाले आणि गाल चोळू लागले. "लय जोरानं लागला."