राजेश्वरीच्या पावलांचं माप

बायकोला न सांगता तिच्यासाठी बूट आणायचे, एवढंच हनुमंताच्या मनात होतं. (त्याचे सगळेच बेत घरातून निघेपर्यंत उत्तम असतात.)

राजेश्वरी वराळ्याच्या कंपनीत पॅकिंगला. शाळेत ती शर्यतीत पहिली यायची. लग्नानंतर बावीस वर्षांत पळाली ती फक्त कंपनीची बस गाठायला. यंदा तिनं लोणावळ्याच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. पण जुन्या कॅनव्हासच्या बुटांत सराव करून टाचा ठणकायला लागल्या आणि परवा ती म्हणाली, "न्हाई जमायचं बहुतेक." हनुमंताला ते ऐकवेना.

मापाची चिंता नव्हती. राजेश्वरी नवी सून म्हणून घरात आली तेव्हा कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कापडावर उमटवलेली पावलं भिंतीवर फ्रेममध्ये होती. कामाला जाताना तो रोज त्यांना हात लावून पाया पडायचा. फ्रेम पिशवीत घालून त्यानं लोणावळ्याचं बुटांचं दुकान गाठलं.

दुकानदार विक्कीनं आधी हात जोडले. "काका, देवीची पावलं?"

"बायकोची. पळायला बूट पायजेत."

"मधला ठसा बारीक आहे, म्हणजे पायाची कमान उंच. मऊ गादीचे लागतील. पळणार कुठं? डांबरावर की मातीत?"

"दोन्हीकडं."

"मग तळाला खाचा हव्यात. पण काकूच आल्या असत्या तर..."

"आरं, लाख पावलांत वळखीन मी ही!"

घरी राजेश्वरीनं बूट चढवला. चवडा कसाबसा आत गेला, टाच बाहेरच राहिली. फ्रेमची हकिकत ऐकल्यावर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, ती पावलं माजी न्हाईतच! मी कुंकवात घसरले, कापडाचा पार इस्कोट झाला. मग सासूबाईंनी गुपचूप अनिताताईंची उठवली."

"म्हंजी बावीस वर्षं मी बहिणीच्या पाया पडतोय?"

"थोरली हाय. चालतंय की."

हनुमंतानं तिचे पाय मांडीवर घेतले. चवडा पसरलेला, कमान दबलेली, टाचांना भेगा. बावीस वर्षं हे पाय याच घरात राबत होते आणि तो पूजत होता भिंतीवरचे. त्याला फार वाईट वाटलं.

"उद्या दोघं जाऊ," तो म्हणाला.

विक्कीनं तिला मोजे घालून चालायला लावलं. पाऊल आत कलत होतं, म्हणून कडेनं आधार देणारा रुंद चवड्याचा जोड निवडला आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली. "आता रोज चालून बूट पायात रुळू द्या."

मग रोज संध्याकाळी कान्हे स्टेशनपर्यंत जोडीनं चालणं सुरू झालं. ती नव्या बुटांत, तो कडक चपलांत.

शर्यतीत राजेश्वरी शेवटपर्यंत पळाली. टाच एकदाही ठणकली नाही. ती थेट हनुमंताकडे आली आणि त्याचा हात धरून रडली. त्याचेही डोळे भरले होते. थोडे प्रेमानं, थोडे दोन्ही टाचांवरच्या फोडांनी.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बजरंगभाऊंनी त्याला लंगडताना पाहिलं. "हनुमंता, लोणावळ्यात लय पळालास जणू?"

हनुमंतानं छाती काढली. "व्हय, पळालो की!"

"कुटवर?"

"पार्किंगपातुर," राजेश्वरी मागून म्हणाली, "त्येबी माज्या खांद्याला धरून."