पंधराशे मीटरचं भाषण

कुलगुरूंचं भाषण सुरू होऊन तास उलटला होता आणि ते अजून खेळांच्या उगमापाशीच घुटमळत होते. विषय होता ‘विद्यापीठीय जीवनात खेळांचे महत्त्व’. हे महत्त्व मुलांच्या मनावर नीट ठसावं म्हणून तीनची पंधराशे मीटरची शर्यत पुढे ढकलली होती. व्यासपीठ मैदानाच्या मधोमध होतं, समोर आठशे मुलं बसवली होती, आणि सगळ्यांच्या भोवती धावपट्टी मोकळी पडली होती.

क्रीडाशिक्षक कडेला उभे राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दातओठ खात होते. शर्यतीचा निकाल पाचच्या आत कळवला नाही, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेला यंदाही इथून कोणी जाणार नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत कोणी गेलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटेनासंही झालं होतं. पण यंदा त्यांच्याकडे काडी होती.

काडी म्हणजे रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी. अंगावर मांस नाही म्हणून वसतिगृहात ते नाव पडलेलं. वर्षभर ती पहाटे एकटी मैदानावर यायची, आणि ती येते म्हणून सरांनाही झक मारत यावं लागायचं. आधी ते वैतागले. मग त्यांना तिचं कौतुक वाटायला लागलं. हल्ली तर ते तिच्या वेळा सांगून सांगून बायकोला भंडावून सोडत.

“सर, साडेचार वाजले. आपलं कधी?” काडीनं विचारलं.

“यांचं संपलं की.”

“यांचं आत्ता कुठं अश्मयुग संपलंय.”

आणखी एक घोळ होता. एकटीची शर्यत धरली जात नाही, निदान दोघी धावाव्या लागतात. नावं आठ जणींनी दिली होती, पण गुच्छ द्यायला, पाणी फिरवायला, पाहुण्यांच्या मागे उभं राहायला ‘चपळ मुली’ हव्यात म्हणून कुलसचिवांनी त्यांतल्या सात उचलल्या. काडी तेवढी उरली, कारण ती फोटोत बरी दिसणार नाही असं त्यांचं मत पडलं.

पावणेपाचला सरांनी मनाचा हिय्या केला आणि स्टॉपवॉच काढलं. “तू पळ,” ते पुटपुटले. “दुसरीचं मी बघतो.” कसं बघणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काडी उठली, रेघेवर गेली आणि सुटली.

कार्यक्रमातून कुणी उठून जाऊ नये यासाठी कुलसचिवांनी स्वतःच्या भाचीला नेमलं होतं. ती तिसऱ्या वर्षाला होती. छातीवर ‘शिस्तप्रमुख’ असा बिल्ला आणि पायात उंच टाचांच्या चपला. “ए! कुठं निघालीस? बस खाली!” ती ओरडली. काडी थांबेना, तेव्हा तिनं चपला हातात घेतल्या आणि धावत रेघ ओलांडली. ते बघून सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोघी झाल्या!

“सोडू नकोस तिला!” ते भाचीला ओरडले.

धावपट्टी गोल. पुढची मुलगी फिरून आपल्यापाशीच येणार, तेव्हा नुसतं उभं राहिलं तरी पुरे, हे कोणाच्याही ध्यानात आलं असतं. पण भाची मामांवर गेली होती. काडी मागून येऊन दोनदा तिला ओलांडून गेली, तरी ती पाठलाग सोडेना. इतका वेळ जांभया देणारी आठशे मुलं ताठ झाली, टाळ्या पिटू लागली. कुलगुरूंना वाटलं भाषण रंगलं. त्यांनी आवरतं घेतलेलं ते पुन्हा पसरलं. काडीची शर्यत संपल्यावर सरांनी तिला तशीच रमतगमत पळत राहायची खूण केली, म्हणजे भाचीच्याही फेऱ्या पुऱ्या होतील. झाल्या. अकरा मिनिटं लागली. भाची गवतावर आडवी होऊन पाणी मागत असताना सर कागद घेऊन कुलसचिवांच्या खोलीकडे धावले.

“ही पहिली मुलगी विनापरवानगी उठली,” कुलसचिव म्हणाले. “शिस्तभंग. बाद.”

“पण साहेब, शर्यत...”

“शर्यत झाली, मी कुठं नाही म्हणतोय? दुसरी कोण?”

“तुमची भाची.”

कुलसचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ती कामासाठी उठली. म्हणजे परवानगीनं. तिचं नाव पाठवा. आणि पहिलीची नोंद कुठंही नको.”

“साहेब, तिला अकरा मिनिटं लागली हो!”

“भाग घेणं महत्त्वाचं, वेळ नव्हे. आत्ताच कुलगुरू सांगत होते. तुम्ही ऐकत नव्हता का?” त्यांनी मान वर केली. “आणि त्या मुलीला उठायला सांगितलं कोणी?”

काडी दारातच उभी होती.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “मीच उठले.”

सर हातातल्या कागदाकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण एकोणीस वर्षांची नोकरी गेली असती तर याहून जास्त वाटली असती, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पाचला एक मिनिट कमी असताना भाचीचं नाव रवाना झालं.

बाहेर व्हरांड्यात काडी बूट काढत बसली होती. “सर, किती लागले?”

“चार एकोणपन्नास. आपल्याकडे एवढ्या वेळात कोणीच धावलेलं नाही गं. कधीच नाही.”

तिचा चेहरा उजळला. तिनं खिशातून कागद काढला. “लिहून द्या ना. सही करून. फक्त आईला दाखवीन.”

सरांनी आकडा लिहिला. सहीपाशी हात अडला. त्यांनी कुलसचिवांच्या दाराकडे एकदा बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

“सही कशाला? तुला माहीतच आहे की.”

काडीनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि आकड्याखाली स्वतःचीच सही केली. मग पेन त्यांच्या खिशाला नीट अडकवून ती अनवाणीच वसतिगृहाकडे चालू लागली. तिनं मागे वळून बघितलं नाही, आणि तेच बरं झालं, असं सरांना वाटलं.