धावपट्टीवरचं घर

वामनअण्णा एकदा खुर्चीला पट्टा बांधून बसले की घराला आग लागली तरी उठत नाहीत. परवा त्यांच्या गॅसवर दूध उतू चाललं होतं. मी ओरडले, तर म्हणाले, "मी आठ हजार फुटांवर आहे हो! स्वल्प थांबा, उतरतो." उतरायला पंधरा मिनिटं लागली. पातेलं मीच घासलं.

राजाजीनगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. अण्णा नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे. त्यांच्या संगणकावर विमान उडवण्याचा खेळ आहे (खेळ म्हटलेलं त्यांना खपत नाही). महायुद्धात आपल्याकडे घाईघाईने बांधलेले आणि पुढे नाहीसे झालेले विमानतळ त्या खेळाच्या नकाशात परत बसवायचे, हा त्यांचा उद्योग. जगभरातली अशीच चार वेडी माणसं ते तपासतात आणि पटले तर सगळ्यांच्या नकाशात घालतात. अण्णांचे अकरा पास झालेत. विमानतळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला सावली म्हणून एखादं झाड लावा, असं मी एकदा सुचवलं. म्हणाले, "फोटो आणा, झाड लावतो."

बारावा विमानतळ मात्र घरचा होता. सर्जापूर रोडच्या पुढे, आता फ्लॅट आहेत तिथे, त्यांच्या वडिलांचं शेत होतं. युद्धात ते लष्कराने घेतलं, घर पाडलं, विहीर बुजवली आणि वर धावपट्टी घातली. अण्णांचा जन्म त्यानंतरचा. वर्षभर खपून त्यांनी तो विमानतळ उभा केला आणि जयनगरहून थोरल्या बहिणीला, नव्वदीच्या अक्कांना, बघायला आणलं.

अक्का पडद्याला नाक लावून बघत राहिल्या. "छान केलास रे. आपलं घर कुठाय?"

"ते धावपट्टीखाली गेलं, अक्का."

"दाखव की मग."

"फोटो नाही त्याचा."

"सरी, बरं तर," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी कॉफी मागितली. कॉफी पिता पिता त्या सांगत गेल्या: दार पूर्वेला, दोन पायऱ्या, मागे फणस. अण्णा वहीत उतरवून घेत होते.

आठवड्याने अण्णांनी तपासणाऱ्यांकडे विमानतळ पाठवला, तो ऐन धावपट्टीच्या मधोमध कौलारू घर, विहीर आणि फणसासकट. उत्तर आलं: काम उत्तम, तेवढं घर काढा, लगेच घेतो.

"काढा ना अण्णा," मी म्हणाले. "वर्षाची मेहनत आहे."

अण्णांनी मान डोलावली आणि धावपट्टी पुसून टाकली. पाठोपाठ बराकी, टॉवर, सगळं. पडद्यावर नाचणीचं शेत आणि घर तेवढं उरलं.

"अहो, मग विमान उतरणार कुठं?"

"नाही उतरलं तर नाही." अण्णा घराभोवती हळूहळू विमान फिरवत होते. "आमच्याकडे सगळ्यांनी हे घर बघितलंय. मी सोडून."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. अण्णांनी विमान आणखी खाली घेतलं.