रिकामी बाबागाडी

आजोबांना नातीचं लागलेलं वेड पाहून सून अगदी भरून पावली होती. नात रडत असो की झोपलेली असो, आजोबांचं एकच, "आण इकडे, फिरवून आणतो!" आणि बाबागाडी ढकलत स्वारी तरातरा बाहेर. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. गाडीचा दांडा हवा तसा वरखाली व्हावा म्हणून त्यांनी त्याला भोकं पाडून खिट्टीसुद्धा बसवली होती.

खरी गोष्ट वेगळीच होती. ताठ चाललं की कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर आजोबांच्या पायांत कळा यायच्या. गाडीवर ओणवं रेललं की कळा गायब! आजीबरोबर तळ्यापर्यंत फिरायला जाणं त्यांनी "आज कंटाळा आलाय" म्हणत कधीच बंद केलं होतं, आणि त्याची रुखरुख त्यांना रोज लागायची. पण पायांचं सांगितलं की डॉक्टर आला, आणि डॉक्टर आला की ऑपरेशन! आजोबा लाकूड बिनदिक्कत कापायचे, पण स्वतःला कापून घ्यायच्या नुसत्या विचारानं त्यांना घाम फुटायचा.

त्या दिवशी नात आईच्या कुशीत झोपली होती आणि आजोबांना खिळे आणायचे होते. त्यांनी रिकामीच गाडी काढली, पांघरूण नीट पसरलं आणि निघाले. दुकानापाशी शेजारीणबाईंनी गाठलंच. "बघू बघू, आमची ठकूताई काय करतेय!" म्हणत त्यांनी पांघरूण उचललं आणि किंचाळल्या, "अगं बाई! बाळ कुठंय?"

'घरी' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग रिकामी गाडी कशाला, तेही सांगावं लागलं असतं.

"असेल... इथंच असेल," आजोबा पुटपुटले.

"असेल म्हणजे? अहो, धावा! यांनी बाळ पाडलं!"

झालं! दुकानदार गल्ला उघडा टाकून धावला. न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडलं, ते गिऱ्हाईकही गालावरच्या फेसासकट कचरापेटीमागे वाकून बघू लागलं. "पुरावा आहे, हात लावू नका!" म्हणत कुणीतरी आजोबांच्या हातातून गाडीच काढून घेतली. आधार गेला, कळ आली आणि आजोबांनी भर रस्त्यात फतकल मारली.

"धक्का बसला हो बिचाऱ्यांना!"

"धक्का नाही, पाय! पाय दुखतात माझे! बाळ घरी झोपलंय!" आजोबा ओरडले.

आरडाओरडा ऐकून आलेली आजी गर्दीत उभी होती. "कधीपासून?" तिनं विचारलं. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माझाच कंटाळा आला."

त्यापुढे आजोबांची ऑपरेशनची भीतीसुद्धा लाजून गप्प बसली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. "मणक्यातली नसांची वाट अरुंद झालीय. वाकलं की ती जरा मोकळी होते, म्हणून गाडीवर रेलून तुम्हाला चालता येतं. पाठीत छोटंसं छिद्र पाडू आणि नसांना दाबणारा जाड पडदा आतून थोडा कोरून काढू. बहुतेकांना आराम पडतो."

"म्हणजे घट्ट बसलेलं दार तासायचं!" आजोबा खुर्चीतून उठलेच. "चौकट तोडायची नाही! अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुम्ही आलात कुठे?" आजी म्हणाली.

ऑपरेशन झालं, विश्रांती झाली आणि डॉक्टरीणबाईंनी फिरायची परवानगी दिली. आजोबा हात हलवत, ताठ मानेनं तळ्याच्या वाटेला लागले. कोपरा गेला, दुकान गेलं, कळेचा पत्ता नाही! आनंदानं त्यांना ओरडावंसं वाटत होतं. "बघितलंस का?" म्हणत ते वळले. आजी बाबागाडी घेऊन मागून येत होती.

"ठकीला कशाला उठवलंस?"

"झोपलीय ती. चला तुम्ही पुढे."

पण सुताराची नजर दांड्यावर गेली होती. खिट्टी खालच्या भोकात होती, नेमकी आजीच्या उंचीला. आणि आजी दांड्यावर छान ओणवी रेलली होती. आजोबांनी पांघरूण उचललं. आत उशी होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"हळू बोला हो," आजी म्हणाली, "गल्ली गोळा होईल."